काटा खोटा, वाक्य अर्धं

१२ जून २०२५, गुरुवार. चंद्रपूर

दुपारी कूलरसमोर आडवा झालो होतो. नातीने हलवून उठवलं. "आबाजी, विमान पडलं."

अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं १७१. दुपारी १ वाजून ३८ मिनिटांनी उडालं, मिनिटभरही हवेत राहिलं नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. आत २४२ माणसं. त्यातला एकजण जिवंत आहे, असं संध्याकाळी कळलं. वसतिगृहाच्या जेवणघरातली अर्धवट जेवलेली ताटं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. ही स्वयंपाकघरातून आली, उभ्या उभ्या पाहिलं आणि टीव्ही बंद करून परत गेली.

रात्रीपर्यंत तीन फोन आले. प्रत्येकाला माझं मत हवं. कारण काय, तर मी एकोणतीस वर्षं कारखान्यात काट्यांची देखभाल केली. प्रेशरचा काटा, तापमानाचा काटा, पाण्याच्या पातळीची रेघ काढणारा रेकॉर्डर. "तुम्ही इन्स्ट्रुमेंटवाले, तुम्हाला कळलं असेल." मला काही कळलेलं नाही. ब्लॅक बॉक्स हाती यायचाय. त्याआधी बोलणारा माणूस अंदाज विकतो.

१४ जून, शनिवार

नात आठवीत जाणार. नागपूरची तिची शाळा २३ तारखेला उघडते, तोवर मुक्काम इथे. दोन दिवस तिचा एकच प्रश्न, विमान पडतं कसं?

"काहीतरी मोडतं, मग पडतं. हो ना?"

म्हटलं, काही न मोडताही पडतं. तिला पटेना. धडधाकट सायकल कधी आपोआप पडते का, असा तिचा युक्तिवाद. मग मी अहमदाबाद बाजूला ठेवलं आणि जुने दोन अपघात काढले. दोन्ही एअर इंडियाचे, दोन्ही विमानं मुंबईहून निघालेली, दोन्हींच्या चौकश्या पुऱ्या झालेल्या. तिच्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली.

डावीकडे लिहिलं: ‘कांचनजंगा’, बोइंग ७०७. २४ जानेवारी १९६६. मुंबई, दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन असा मार्ग. माणसं ११७. युरोपातल्या मॉं ब्लां पर्वतावर आदळलं. कोणी वाचलं नाही.

उजवीकडे: ‘सम्राट अशोक’, बोइंग ७४७, एअर इंडियाचं पहिलं जंबो. १ जानेवारी १९७८. मुंबईहून दुबईला. माणसं २१३. वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. कोणी वाचलं नाही.

"आता रेघ पुसून दोन्हीकडे मिळून एक ओळ लिही," म्हटलं. "इंजिनं चारही चालू."

तिने लिहिलं आणि पेन्सिल तोंडात धरून बसली.

१६ जून, सोमवार

आज डावा रकाना.

मी नऊ वर्षांचा होतो. गावाचं नाव चंद्रपूर झालं होतं, तोंडातून मात्र चांदाच यायचं. ११ जानेवारीला शास्त्रीजी ताश्कंदला गेले तेव्हा शाळेच्या पटांगणात आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. पंधरवडा होतो न होतो तोच पुन्हा उभे राहिलो, या वेळी डॉ. होमी भाभांसाठी. ‘कांचनजंगा’तून व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. त्याच २४ तारखेला दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी झाला. एकाच दिवसाच्या दोन बातम्या. गुरुजींनी आधी कोणती सांगावी, या पेचात तेही पडले असावेत.

पुढे नोकरीत आल्यावर कळलं की त्या दिवशी विमानातलं नेमकं काय बिघडलं होतं. त्या काळी वैमानिकाला आपण कुठे आहोत हे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून कळायचं. विमानातला व्हीओआर नावाचा संच केंद्राची दिशा दाखवतो. असे दोन संच असत. एक संच एका केंद्रावर, दुसरा दुसऱ्यावर. दोन दिशांच्या रेघा जिथे कापतात तिथे आपण.

नातीला हे आलापल्लीच्या जंगलावरून सांगितलं. तिकडचे एक निवृत्त वनपाल माझे जुने स्नेही. उन्हाळ्यात वणवा लागला की एका मचाणावरून नुसता धूर दिसतो. धूर उगवतीला आहे एवढं कळतं, दोन कोसांवर की दहा, ते कळत नाही. दुसऱ्या मचाणावरच्या माणसाने त्याची दिशा सांगितली की जागा सापडते.

‘कांचनजंगा’चं एक मचाण बंद होतं. बैरूतहून निघतानाच एक संच निकामी आहे, हे कॅप्टनला ठाऊक होतं. विमान १९ हजार फुटांवर, खाली ढग आणि बर्फ, पुढे जिनिव्हाला उतरायचं. आपण मॉं ब्लांच्या आडवे पोचलो, असा त्याने हिशेब केला आणि तसं कळवलं. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर खरं दिसत होतं. डोंगर अजून पुढे होता. चूक त्याने पकडली आणि दुरुस्त करण्यासाठी सांगितलं की मॉं ब्लां तुम्हाला पाच मैल आहे.

वैमानिकाचं उत्तर, "रॉजर." म्हणजे ऐकलं.

पाच मैल पुढे, की बाजूला पाच मैल? वाक्यात ते नव्हतं. नियंत्रकाच्या मनात ‘पुढे’ होतं, वैमानिकाच्या मनात ‘टळला’. विमान उतरत राहिलं आणि शिखराच्या थोडं खाली आदळलं. फ्रेंच चौकशी समितीने दोन्ही गोष्टी नोंदवल्या. एक, बंद संचामुळे चुकलेला हिशेब. दोन, पुरेशा नेमक्या शब्दांअभावी न पोचलेली दुरुस्ती.

"पण त्याने सांगितलं होतं ना!" नात म्हणाली.

हो, सांगितलं होतं. म्हणून तर हा अपघात मला साठ वर्षं सोडत नाही.

१८ जून, बुधवार. सिंदेवाही

हिच्या माहेरी बारसं. भाचा आलापल्लीहून त्याची पिकअप घेऊन आला आणि आम्हाला मूलमार्गे घेऊन निघाला. तो अहेरी-भामरागड भागात किराणा आणि औषधांची खोकी पोचवतो. गाडी झकास चालवतो, बोलतो मात्र अर्धं. "मामाजी, तो नाका..." एवढं म्हणतो आणि थांबतो. नाका गेला, की आला, की बंद आहे, ते आपण ओळखायचं.

लाडबोरी या गावाशी नातीने गाडी थांबवायला लावली. तिला ती जागा पाहायची होती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. साऱ्या विदर्भाने आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली होती. आमच्या गल्लीत कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान पेटलं, एकाने क्षेपणास्त्र ठरवून टाकलं. लाडबोरीला मात्र आकाशातून एक धातूचं कडं येऊन पडलं, माणूस आडवा मावेल एवढं रुंद, चाळीसेक किलोचं. दुसऱ्या दिवशी याच तालुक्यात पवनपारला एक गोळा सापडला. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. चिनी अग्निबाणाचा उरलेला टप्पा असावा, असं जाणकारांनी वेळ आणि कक्षा जुळवून सांगितलं. त्या रात्री जळतं विमान ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ पाहिलेली माणसं आमच्या गल्लीत आजही आहेत. तुकडे हाती आले, तरी त्यांचं विमान उतरायला तयार नाही.

नातीला सांगितलं, मॉं ब्लांच्या अंगावरची बोसॉं हिमनदी असेच तुकडे परत देते. बर्फ सरकतो, दशकांनी खाली येतो आणि पोटातलं बाहेर टाकतो. २०१२ साली भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची थैली निघाली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी मिळाली, ती त्याने पोलिसांकडे नेऊन दिली. २०२० मध्ये वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याच्या मथळ्यांची. शपथविधीच्या दिवशी आकाशात असलेला कागद चोपन्न वर्षांनी वाळवून वाचला गेला.

त्याच हिमनदीतून आणखी एका विमानाचे अवशेषही निघतात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच पर्वतावर आदळलं होतं. त्यात ४८ माणसं गेली. शोधायला चढलेल्या पथकाचा वाटाड्या रने पायोही बर्फात गेला.

"एकाच डोंगराला दोनदा?" भाच्याने गाडी चालवता चालवता विचारलं. त्याचं हे वाक्य पुरं होतं.

२० जून, शुक्रवार. चंद्रपूर

उजवा रकाना.

नव्या वर्षाचा पहिला दिवस, रात्री सव्वाआठच्या सुमारास ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून उडालं. प्रवासी १९०, कर्मचारी २३. किनारा ओलांडून विमान नेहमीप्रमाणे उजवीकडे वळलं, मग सरळ झालं. इथपर्यंत सगळं ठीक. पुढे समुद्र, अंधार, क्षितिजाची रेघ नाही.

अशा वेळी वैमानिक बाहेर पाहत नाही, कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्राकडे पाहतो. विमान किती कललं, नाक वर की खाली, हे ते सांगतं. अशी तीन यंत्रं होती. कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक आणि एक राखीव. कॅप्टनचं यंत्र उजवा कल दाखवत अडकलं. विमान सरळ झालं, ते झालं नाही. कॅप्टनला वाटलं, आपण अजून उजवीकडे कललेलो आहोत. त्याने डावीकडे वळवलं. यंत्र ढिम्म. आणखी डावीकडे. विमान काटकोनाहून जास्त कललं, नाक खाली गेलं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर पाण्यात शिरलं. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंद.

नातीने विचारलं, "त्यांना कळलं नाही, आपण कलंडतोय?"

तिला अंगणात उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि खांद्याला धरून गरागरा फिरवून थांबवलं. "आता कुठल्या बाजूला फिरतेयस?" ती उलट्या बाजूला बोट दाखवायला लागली, फिरत तर नव्हतीच. कानाच्या आत पाणी भरलेल्या बारीक नळ्या असतात, तोल त्या सांगतात. क्षितिज दिसत नसेल तर त्या बेधडक खोटं बोलतात. म्हणून वैमानिकाला शिकवतात की अंगावर विश्वास ठेवू नकोस, यंत्रावर ठेव. त्या रात्री खोटं बोलत होतं ते यंत्रच.

बाकीची यंत्रं शाबूत होती. आवाजाच्या नोंदीत त्या शेवटच्या सेकंदांचं बोलणं आहे. कॅप्टन आपल्या यंत्राबद्दल बोलतो, सहवैमानिकही आपल्या यंत्राबद्दल काही म्हणतो, मागे बसलेला फ्लाइट इंजिनिअर त्या यंत्रावर जाऊ नका असं सुचवू पाहतो. तिघांची वाक्यं एकमेकांत अडकतात. ‘माझं यंत्र बरोबर आहे, तुमचं चुकलंय, विमान डावीकडे कललंय’ एवढं पुरं वाक्य कोणाच्याच तोंडून निघालं नाही. वेळही नव्हता म्हणा.

नातीने वहीत लिहिलं, "खरं यंत्र बाजूलाच." मग विचारलं, बाजूला म्हणजे किती? मी हात लांब करून दाखवला. एवढं.

२१ जून, शनिवार, रात्री

झोप नाही. स्वतःचं लिहिल्याशिवाय येणार नाही.

१९८९ चा पावसाळा. कारखान्याचं नाव लिहीत नाही. या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, कुठलाही समजा. रात्रपाळी होती. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी ठराविक हवी. वर गेली तर वाफेबरोबर पाणी जातं, खाली गेली तर नळ्या कोरड्या पडून जळतात. पॅनेलवर रेकॉर्डर होता, कागदावर शाईची रेघ काढणारा. वर ड्रमपाशी काच होती, त्यात प्रत्यक्ष पाणी दिसायचं. तिथे एक माणूस असायचा.

त्या रेकॉर्डरचं पेन अधूनमधून अडकतं, हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं. सुटा भाग मागवला होता, आला नव्हता. लॉगबुकात मी लिहून ठेवलं होतं, "निरीक्षणाखाली." या शब्दासारखा सोयीचा शब्द आमच्या खात्यात दुसरा नाही. काम केलं नाही आणि केल्यासारखं झालं.

पहाटे तीनच्या सुमारास वरून फोन आला. "साहेब, लेव्हल बरोबर नाही वाटत." पॅनेलवरच्या ऑपरेटरने रेकॉर्डर पाहिला. मधोमध सरळ रेघ. तो म्हणाला, "इथे तर बरोबर आहे, काच पूस." वरच्याने काच पुसली. त्याचं म्हणणं होतं की पाणी काचेच्या तळाला गेलंय. बोलला तेवढंच, "बरोबर नाही वाटत". खाली, वर, किती, काही नाही. साहेबाला ठासून कसं सांगायचं?

मी चहा पिऊन परतलो आणि कागदाकडे नजर गेली. रेघ अगदी सरळ होती, पट्टीने मारावी तशी. जिवंत पाण्याची रेघ कधी सरळ नसते, ती थरथरते. मी ओरडलो, आग बंद झाली, बॉयलर थांबला. कोणाला इजा झाली नाही. थोड्या नळ्या वाकल्या, दोन दिवस उत्पादन बंद. चौकशीत ऑपरेटरला मेमो मिळाला. मला नाही, कारण माझ्याकडे लेखी पुरावा होता, "निरीक्षणाखाली".

त्या ऑपरेटरला मी पुढे अनेकदा भेटलो. हे त्याला कधी बोललो नाही. आता तो नाही.

२४ जून, मंगळवार

नात गेली. वही विसरून गेली, की मुद्दाम ठेवून गेली. दोन रकान्यांखाली शेवटची ओळ तिचीच, "मग जास्त चूक कोणाची?"

तुलना करायची तर नीट करू.

सारखेपण उघड आहे. दोन्हीकडे विमान धडधाकट. बिघाड एका लहानशा यंत्राचा, आणि त्याच्या जोडीचं खरं सांगणारं दुसरं काही हजर. जिनिव्हात रडार होतं, मुंबईवर शेजारची यंत्रं.

फरक पाहायला हवेत. ‘कांचनजंगा’चा बिघाड आधीपासून माहीत होता. माहीत असलेला बिघाड सवयीचा होतो, घरातल्या गळक्या नळासारखा. बैरूत ते आल्प्स एवढ्या वेळात तो अंगवळणी पडला असणार. ‘सम्राट अशोक’चा बिघाड तिथल्या तिथे, वळणावर जन्मला. ओळख पटायच्या आत संपलं. पहिल्यात सुधारणारा माणूस लांब होता, वेगळ्या भाषेचा, रेडिओवरच्या इंग्रजीत बोलणारा. दुसऱ्यात तो हाताच्या अंतरावर, त्याच कंपनीचा. पण शेजारी बसलेल्याला ‘तुम्ही चुकताय’ म्हणणं परक्याला सांगण्यापेक्षा सोपं असतं असं नाही, हे मी त्या पहाटे पाहिलंय. पहिल्या अपघातात वेळ होता आणि शब्द कमी पडले. दुसऱ्यात वेळच कमी होता, शब्द पुरे असते तर तो पुरला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मला विचाराल तर पहिला अपघात जास्त टळण्यासारखा होता.

या दोहोंच्या मध्ये तिसरा अपघात उभा आहे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. तिथेही उड्डाणाबद्दलचं एक संदिग्ध वाक्य होतं, एकाने ‘उडतोय’ अशा अर्थाने म्हटलेलं, दुसऱ्याने ‘उडायला तयार’ असं समजलेलं. त्यानंतर जग हललं. प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करताना सोडून ‘टेक-ऑफ’ हा शब्द नियंत्रकाने उच्चारायचाच नाही, असं ठरलं. नुसतं ‘रॉजर’ चालेनासं झालं, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. आणि कॉकपिटमध्ये हाताखालच्या माणसाने कॅप्टनला स्पष्ट सांगावं, कॅप्टनने ऐकावं, याचं वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. हे शहाणपण १९६६ मध्ये बर्फावर पडलेलं होतं. उचलायला अकरा वर्षं गेली.

आणखी एक सारखेपण. दोन्ही अपघातांवर घातपाताचा संशय घेतला गेला. ‘सम्राट अशोक’च्या बाबतीत अवशेष बाहेर काढल्यावर तो मागे पडला. पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात विमान आणि यंत्र बनवणाऱ्यांविरुद्ध दावे चालले, तेही १९८५ मध्ये फेटाळले गेले. भाभांच्या बाबतीत मात्र कटाची गोष्ट आजही फोनवर फिरत येते. ती पाठवणाऱ्यांना मी फ्रेंच अहवालातलं नेमक्या शब्दांबद्दलचं म्हणणं कळवतो. उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र येतं.

१२ जुलै, शनिवार

अहमदाबादचा प्राथमिक अहवाल मध्यरात्रीनंतर जाहीर झाला. १५ पानं. सकाळपासून दोनदा वाचला.

उडाल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एकामागोमाग एक, सेकंदाच्या अंतराने ‘चालू’वरून ‘बंद’वर गेल्या. दहाएक सेकंदांनी परत ‘चालू’वर आल्या, पण उंची उरली नव्हती. आवाजाच्या नोंदीत एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणाला, हे अहवालात नाही. जमिनीवरची माणसं धरून मृत्यू २६०.

दुपारपर्यंत फोनवर निकाल लागले होते. एकाने वैमानिकाला दोषी ठरवलं, दुसऱ्याने बोइंगला. मला विचारणाऱ्यांना म्हटलं, अजून रेघ अपुरी आहे. विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम साधा आहे, हेतू पुढचा अपघात टाळणं, दोष वाटणं नाही. माझ्या त्या बॉयलरच्या चौकशीने मेमो वाटला आणि प्रकरण मिटलं. रेकॉर्डरचं पेन त्यानंतरही दीड महिना तसंच होतं.

नातीचा फोन आला. तिने एकच विचारलं, "आबाजी, त्या दोघांनी पुरं वाक्य बोललं होतं ना?"

हो, प्रश्नही पुरा, उत्तरही पुरं. कोडं तरी सुटलेलं नाही. पुऱ्या वाक्याने सगळं भागतं, असं मी तिला शिकवलं असेन तर ते चुकलं. फोनवर तसं कबूल केलं.

२३ जुलै, बुधवार

सकाळपासून झड. इरईच्या पुलावर बघ्यांची गर्दी. संध्याकाळी भाचा लाहेरीला औषधं घेऊन निघाल्याचं बहिणीकडून कळलं. लाहेरी भामरागडच्या पुढे. भामरागडच्या अलीकडे पर्लकोटा, तिच्यावर जुना ठेंगणा पूल. छत्तीसगडात पाऊस पडला की इंद्रावती फुगते, पर्लकोटेला मागे लोटते आणि पूल पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात असं होतं.

साडेसातला त्याचा फोन लागला. खरखर. "मामाजी, पर्लकोटा पाच किलोमीटर..." आणि तुटला.

ही समोर उभी. "गेला पलीकडे?"

मला सांगता येईना. नदी पाच किलोमीटर पुढे असेल, तर तो अजून हेमलकशाच्या अलीकडे आहे आणि पुराकडे चाललाय. पाच किलोमीटर मागे टाकली असेल, तर भामरागडही सोडून लाहेरीच्या वाटेला लागलाय. शब्द तेच. अंतरसुद्धा पाचच. टेबलावर नातीची वही होती, ती उघडायचं धैर्य झालं नाही.

रात्री अकरापर्यंत बावीस वेळा फोन लावला. कव्हरेजच्या बाहेर.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या

सकाळी दिवे घासून पाटावर मांडले होते. सव्वानऊला फोन वाजला. ताडगावहून बोलत होता. काल पूल अजून पुढेच होता. समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने थांबवून सांगितलं, की पुलावर कमरेएवढं पाणी आहे, जाऊ नको. याने गाडी वळवली आणि ताडगावात ओळखीच्या घरी झोपला. औषधांची खोकी कोरडी आहेत.

मी रागावलो. तो म्हणाला, "सांगितलं तर होतं ना मामाजी." मग मी त्याला सगळं सांगितलं. मॉं ब्लां, पाच मैल, रॉजर. तो बराच वेळ गप्प होता. वाटलं, पुन्हा लाइन गेली.

मी रात्रपाळीतल्या त्या ऑपरेटरबद्दलही सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी. लॉगबुकातला तो शब्दही. ही दिव्यांना हळदकुंकू लावता लावता ऐकत होती. काही बोलली नाही.

दुपारी साडेतीनला त्याचा मेसेज आला. तसाच उतरवून ठेवतो:

"मी ताडगावला हाये. पर्लकोटा पुढं हाये, ओलांडली नाई. पूल पान्याखाली. परत आलापल्लीले चाललो. समजलं त सांगा का समजलं."

मी लिहिलं, "समजलं. तू ताडगावला आहेस. नदी ओलांडलेली नाही. परत येतोयस."